ऐकून घेण्याचे शिक्षण

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्याचे शेलूबाजार हे नावाप्रमाणेच बाजारपेठेचे गाव. सोयाबीन, तूर विकायला आलेला शेतकरी येथे दुकानात टेकतो, हिशेब करतो आणि कधी हिशेबाबाहेरचेही बोलून जातो. ‘शेठजी, आता जगण्यात काही राम उरला नाही,’ हे वाक्य अनेकदा घरच्यांआधी व्यापाऱ्याच्या कानावर पडते. त्यावर काय बोलावे, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते.

दूरध्वनीवरून समुपदेशन करणाऱ्या स्वयंसेवकांना नेमके हेच शिकवतात. लंडनमधील धर्मगुरू चाड वाराह यांनी १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये हताश माणसांसाठी अशी सेवा सुरू केली. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला काही सामान्य माणसे मदतीला आली. त्यांच्यापाशीच मन मोकळे करून कित्येक जण वाराह यांना न भेटता परतू लागले. हे ध्यानात येताच १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी दूरध्वनीचे काम स्वयंसेवकांवरच सोपवले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली. चेन्नईत १९८६ पासून ‘स्नेहा’, तसेच पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था याच वाटेने चालत आहे.

या प्रशिक्षणात शिकण्यापेक्षा सोडायचेच अधिक असते. उपदेशाची सवय सोडायची. ‘इतरांचे हाल पाहा, तुमचे त्यापुढे काहीच नाही,’ ही तुलना टाळायची. समोरचा थांबला, तर आपणही थांबायचे. संशय आला, तर ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे स्पष्ट पण मायेने विचारायचे. अशा विचारण्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट दडपलेले ओझे हलके होते. ऐकलेले गुप्त ठेवायचे. मात्र जिवाला तत्काळ धोका असेल, तर त्या माणसाला एकटे न सोडता वैद्यकीय मदत मिळवून द्यायची. ऐकणाऱ्यानेही स्वतःवर आलेला ताण अनुभवी सहकाऱ्यापाशी बोलून दाखवायचा.

दूरध्वनीचे मोल लहान गावात विशेष. येथे सर्व जण एकमेकांना ओळखतात. ज्याच्या वहीत बाकी आहे, त्याच्यापुढे कर्जदार पूर्ण मोकळा होत नाही. व्यापारी घरांचेही तसेच आहे. व्यवहारात खोट आली, तरी पेढीची पत जाईल या भीतीने घरातले दुःख उंबऱ्याबाहेर पडत नाही. अनोळखी आवाजापाशी मात्र ते बोलता येते.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’तील चौदा जिल्ह्यांत वाशीमचा समावेश आहे. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी चौकशी करतात आणि १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवाही १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रत्येक व्यापाऱ्याने समुपदेशक व्हावे, अशी अपेक्षा नाही. वही क्षणभर मिटावी, पाण्याचा पेला पुढे करावा, मधे न बोलता ऐकावे आणि गरज दिसली तर क्रमांक लावून देऊन तो बोलू लागेपर्यंत शेजारी बसावे. दुकानातील भावफलकाशेजारी हा क्रमांक लिहून ठेवला, तर तो विचारण्याचा संकोचही कोणाला उरणार नाही.