पोरांची रांग आणि पुढाऱ्यांचा डोळा

दहा-वीस पोरे एका सुरात गात टेकडी चढू लागली, की पुढारी मंडळींचे कान टवकारतात. ही रीत सगळ्या मुलखांत सारखीच.

1901 साली बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ येथे शाळकरी मुलांचे ‘वांडरफोगेल’, म्हणजे ‘फिरस्ता पक्षी’, हे मंडळ निघाले. पाठीवर पडशी, गळ्यात गिटार, रात्री शेकोटी! घरच्या-शाळेच्या शिस्तीला विटलेल्या त्या मुलांना राजकारण नकोच होते. राजकारणाला मात्र ती हवी होती. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि बाल्डुर फॉन शिराखने स्वतंत्र युवकमंडळे मोडून काढली. शेकोटी तेवढी राहिली, गाणी बदलली. 1939 पासून तर ‘हिटलर यूथ’मध्ये जाणे सक्तीचेच झाले.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी ज्या राष्ट्र सेवा दलाचे दैवत, ते दल 1941 साली पुण्यात उभे राहिले, एस. एम. जोशी दलप्रमुख. संध्याकाळची शाखा, कवायत, समूहगीते! नुसते पाहणाऱ्याला हा जर्मन थाटच वाटावा. पण येथे मुलग्यांबरोबर मुली होत्या आणि जात विचारीत नसत. पंढरीचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी गावोगाव हिंडले, तेव्हा दलाचे कलापथक त्यांच्या संगती होते. पुढे मे 1947 मध्ये गुरुजी उपोषणाला बसले आणि दार उघडले.

स्वातंत्र्य येताच काँग्रेस आणि दल यांची फारकत झाली. सत्ताधारी पक्षाच्या पंखाखाली ऊब असते, हे काय कार्यकर्त्यांना ठाऊक नव्हते? तरी दल वेगळे राहिले. मला हे मोठे वाटते. अर्थात भाबडेपणा नको: दलाचे बहुतेक नेते समाजवादी होते, आणि पुष्कळ सैनिक पुढे त्याच वाटेने गेले. हाही पोरांचा वापरच, असे कुणी म्हणेल. मी एवढेच पाहतो, की ज्या पोराला शाखा नकोशी झाली, त्याला घरी जाता येत होते काय? सेवा दलात येत होते.

जर्मनीतला हान्स शोल आधी हिटलर यूथचा उत्साही नायक होता. मन विटले तेव्हा तो बंदी घातलेल्या जुन्या वळणाच्या मंडळाकडे वळला; 1937 मध्ये त्याला अटक झाली. पुढे म्युनिकमध्ये त्याने सरकारविरुद्ध पत्रके वाटली. 22 फेब्रुवारी 1943 रोजी धाकट्या बहिणीसह त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.