जळणारा दगड आणि त्याची खरी किंमत

बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा एक छोटा देश आहे. लोकसंख्या जेमतेम तेरा लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही कमी. या देशाच्या भूगर्भात सापडणाऱ्या एका तपकिरी खडकाला तेथील लोक आपल्या भाषेत ‘जळणारा दगड’ म्हणतात. भूशास्त्रात त्याला ‘तेल शेल’ असे नाव आहे. या दगडातून तेल काढता येते, हे मानवाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. ते काढण्यासाठी माती, पाणी, हवा आणि माणूस यांना काय मोजावे लागते, याचा हिशेब मात्र फार उशिरा मांडला जाऊ लागला. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला हा हिशेब महत्त्वाचा वाटतो, कारण संपत्ती एकाच्या दारी आणि तिची राख दुसऱ्याच्या दारी, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

तेल शेल म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत ‘शेल’मधून तेल काढले जाते अशा बातम्या आपण वाचतो. त्या बहुधा ‘फ्रॅकिंग’ या तंत्राच्या असतात. तेथे घट्ट खडकात तयार स्वरूपातील तेल अडकलेले असते. पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडतात आणि ते तेल वर आणतात. तेल शेलची गोष्ट याहून निराळी आहे. या खडकात तेल नसतेच. असते ते ‘केरोजेन’ नावाचे घन सेंद्रिय द्रव्य. कोट्यवधी वर्षांपूर्वी तळी व समुद्र यांच्या तळाशी शेवाळ व सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळासोबत साचले आणि त्यांचे केरोजेन झाले. ते आणखी खोल गाडले जाऊन भूगर्भाच्या उष्णतेत लाखो वर्षे शिजले असते, तर त्याचे तेल झाले असते. निसर्गाने हे काम अर्धवट ठेवले. ते आपण काही तासांत पूर्ण करू पाहतो, आणि सारा खर्च तेथूनच सुरू होतो.

केरोजेनचे तेल करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत खडक खणून, फोडून बंद भट्टीत घालतात आणि हवा न लागू देता सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. केरोजेनची वाफ होते आणि ती थंड केली की तेल मिळते. दुसरीत खडक जागेवरच ठेवून जमिनीत खोल छिद्रे पाडतात, त्यांत विजेचे तापक सोडतात आणि कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे, थर तापवत ठेवून सुटलेले तेल उपसतात. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. इंधन मिळवण्यासाठी आधी भरपूर इंधन जाळावे लागते.

दगडाचा आणि राखेचा हिशेब

जगातील सर्वांत मोठा तेल शेलचा साठा अमेरिकेतील कोलोरॅडो, युटा व वायोमिंग या राज्यांत पसरलेल्या ‘ग्रीन रिव्हर’ खडकसमूहात आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांचा हा गाळ आहे. त्यात एकूण ४ लाख कोटी बॅरलहून अधिक तेलाचे द्रव्य असावे, असा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा अंदाज आहे. आकडा पाहून डोळे दिपतात. तो खडकात सामावलेल्या द्रव्याचा आहे, परवडेल अशा रीतीने काढता येणाऱ्या तेलाचा नव्हे.

चांगल्या प्रतीच्या एक टन खडकातून सुमारे २५ गॅलन, म्हणजे ९५ लिटर तेल निघते. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. म्हणजेच एका बॅरलसाठी पावणेदोन टनांच्या आसपास खडक खणावा लागतो. रोज ५० हजार बॅरल तेल काढणारा कारखाना उभारला, तर त्याला रोज ८० हजार टनांहून अधिक खडक लागेल. दहा टनी ट्रकांच्या हिशेबाने या आठ हजारांहून अधिक खेपा झाल्या, त्याही दररोज.

तेल निघाल्यावर दगड नाहीसा होत नाही. फोडलेला व भाजलेला खडक फुगतो आणि मूळ खड्ड्यात पूर्ण मावत नाही. एस्टोनियात हा दगड वीजकेंद्रांत थेट जाळला जातो आणि त्याच्या वजनाच्या सुमारे ४५ टक्के राख मागे उरते. ही राख अत्यंत क्षारधर्मी असते. नार्वा शहराजवळ तिची पठारे उभी आहेत. कोहत्ला-यार्वे व किविओली येथे तेलभट्ट्यांतून निघालेल्या काळ्या अवशेषांचे डोंगर झाले. त्यांतून पाझरणाऱ्या पाण्यातील फिनॉलसारख्या विषारी द्रव्यांनी परिसरातील नद्या दीर्घकाळ दूषित केल्या. खाणी कोरड्या ठेवण्यासाठी भूजल सतत उपसावे लागले, त्यामुळे आसपासच्या गावांतील विहिरींची पातळी खालावली.

ग्रीन रिव्हरच्या प्रदेशात काही वनस्पती केवळ या खडकाच्या उघड्या थरांवरच उगवतात. ‘ग्रॅहम्स बिअर्डटंग’ नावाचे जांभळट-गुलाबी फुलांचे रोपटे युइंटा खोऱ्याच्या परिसराबाहेर आढळत नाही. खडक उचलला की त्याचे घर संपले.

पाण्याचा हिशेब

खडक थंड करणे, धूळ बसवणे, राख भिजवणे, तेल शुद्ध करणे, वीज निर्माण करणे अशा प्रत्येक टप्प्यावर पाणी लागते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भट्टीच्या पद्धतीत एका बॅरल तेलामागे दोन ते चार बॅरल पाणी लागते. जमिनीतच तापवण्याच्या पद्धतीत हे प्रमाण एक ते बारा बॅरल इतके बदलते.

सरासरी तीन बॅरल धरले, तरी वर सांगितलेल्या कारखान्याला रोज सुमारे २ कोटी ४० लाख लिटर पाणी लागेल. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसामागे रोज ५५ लिटर पाण्याचा निकष आहे. त्या मापाने हे सव्वाचार लाखांहून अधिक लोकांचे पाणी झाले.

आणि हे पाणी यायचे कोठून? कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून. सुमारे चार कोटी लोक या नदीवर अवलंबून आहेत. तिचे पाणी इतके वाटले गेले आहे की बहुतेक वर्षी ती समुद्रापर्यंत पोहोचतही नाही. १९२२ मध्ये सात राज्यांनी या नदीच्या पाण्याचा करार केला. खोऱ्यातील मूलनिवासी जमातींना त्या वाटाघाटींत स्थान नव्हते. आज सरकारमान्य अशा तीस जमाती तेथे आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा हक्काच्या पाण्यासाठीचा झगडा संपलेला नाही. ज्या पश्चिम कोलोरॅडोत हा दगड आहे, ती भूमीच यूट लोकांची होती. १८६८ च्या तहाने ती त्यांना दिली गेली. १८७९ च्या संघर्षानंतर, १८८१ मध्ये, त्यांतील बहुसंख्य लोकांना तेथून हाकलून युटामध्ये धाडण्यात आले. तळ्याच्या पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाला या इतिहासाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हवेचा हिशेब

तेल शेलमुळे कार्बन डायऑक्साइड तीन ठिकाणी सुटतो. पहिल्यांदा, खडक खणण्यासाठी व तापवण्यासाठी जे इंधन जळते त्यातून. दुसऱ्यांदा, खडकातील चुनखडीसारखी कार्बोनेट खनिजे अतिउष्णतेने विघटित होतात तेव्हा दगडातूनच. तिसऱ्यांदा, तयार तेल वाहनात जळते तेव्हा. नेहमीच्या खनिज तेलाच्या बाबतीत मधली पायरी नसते आणि पहिली बरीच लहान असते. संशोधक ॲडम ब्रँट यांनी २००८ मध्ये जमिनीत तापवण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. खाणीपासून चाकापर्यंतचे सारे उत्सर्जन मोजले असता ते नेहमीच्या तेलापेक्षा २१ ते ४७ टक्क्यांनी जास्त ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. एस्टोनियाचे दरडोई उत्सर्जन अनेक वर्षे युरोपीय संघात अत्युच्च पातळीवर राहिले, याचे मुख्य कारण हा दगडच होता.

अमेरिकेच्या कायद्यांत या पेचाचे प्रतिबिंब दिसते. २००५ च्या ऊर्जा कायद्याने तेल शेलच्या विकासाला उत्तेजन दिले. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, दुसऱ्या कायद्याने असे बंधन घातले की नेहमीच्या इंधनापेक्षा एकूण उत्सर्जन जास्त असणारे पर्यायी इंधन केंद्रीय खात्यांनी विकत घेऊ नये.

श्रमिकांचा हिशेब

या उद्योगाचा इतिहास जुना आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स यंग यांनी १८५० मध्ये दगडी कोळशापासून पॅराफिन तेल काढण्याचे पेटंट घेतले. पुढे तेथील शेलवर मोठा उद्योग उभा राहिला आणि १९६२ मध्ये तो बंद पडला. मागे उरले ते तांबूस राखेचे डोंगर. १९४७ मध्ये बर्नग्रेंज येथील शेल खाणीत १५ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांचीही आठवण त्या परिसरात आहे.

कोलोरॅडोत १९८० च्या सुमारास तेलाचे भाव चढले तेव्हा एक्सॉन कंपनीने ‘कॉलनी’ हा प्रचंड प्रकल्प हाती घेतला. गावे वाढली, घरे उठली, दूरदूरचे कामगार आले. भाव उतरू लागताच २ मे १९८२ रोजी कंपनीने प्रकल्प बंद केल्याचे जाहीर केले. दोन हजारांहून अधिक लोक एका फटक्यात बेकार झाले. तेथील लोक आजही त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणतात. पर्यावरण बिघडवणारा उद्योग कामगारांना तरी सांभाळतो, ही समजूत किती पोकळ आहे हे त्या रविवारने दाखवून दिले.

म्हणून उद्योग बंद करा, एवढे म्हणून भागत नाही. एस्टोनियाच्या इडा-व्हिरू जिल्ह्यात सोव्हिएत काळात खाणकामासाठी आणलेले हजारो रशियनभाषक कामगार व त्यांचे वंशज राहतात. तेल शेलपासून वीजनिर्मिती २०३५ पर्यंत थांबवण्याचे उद्दिष्ट एस्टोनियाच्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने ‘न्याय्य संक्रमण निधी’तून या देशासाठी सुमारे ३५ कोटी युरोंची तरतूद केली. नवी कौशल्ये व नवे उद्योग यांसाठी हा पैसा आहे. तो पुरेल का, वेळेत पोहोचेल का, याबद्दल खाणकामगारांच्या घरांत चिंता आहे आणि ती रास्त आहे.

येथे परमपूज्य बाबासाहेबांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्याच खात्यात होते. दामोदर खोरे योजनेच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधी निर्माण झाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांचे आरोग्य, निवारा व शिक्षण पाहायचे, अशी ती योजना होती. उद्योगाचा खरा खर्च उद्योगानेच उचलला पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. वीज हवी, उद्योग हवेत, शेतमजुराला शेतीबाहेर काम हवे, हा त्यांचा आग्रह होताच. त्या विकासाचा भार श्रमिकाच्या पाठीवर टाकू नये, हाही तितकाच होता.

धम्माच्या दृष्टीने

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण बाबासाहेबांनी मांडले, ते आपणा सर्वांना ज्ञात आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात कलह झाला. संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. म्हणजे पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न धम्माच्या उगमापाशीच उभा आहे. कोलोरॅडोच्या खोऱ्यातला प्रश्नही त्याच जातीचा आहे.

प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त सांगतो की कोणतीही गोष्ट स्वतंत्रपणे उद्भवत नाही. एका खंडात भट्टी पेटते, तिचा वायू साऱ्या जगाच्या आकाशात मिसळतो, आणि वाढलेल्या उन्हाचा पहिला चटका बसतो तो उघड्यावर राबणाऱ्याला. आपल्याकडे तो ऊसतोड मजूर असेल, वीटभट्टीवरचा असेल, भूमिहीन शेतमजूर असेल. त्याच्या नावावर मोटार नाही, तरी तेलाची किंमत तो भरतो. न दिलेले घेऊ नये, हे शील आपण रोज ग्रहण करतो. पुढच्या पिढीने आपले पाणी आणि आपली हवा कोणाला दिलेली नाही, हे त्या शीलाच्या प्रकाशात लक्षात घेतले पाहिजे.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. आसाम-अरुणाचलच्या पट्ट्यात कोळशाच्या थरांसोबत तेल शेल आपल्याकडेही आढळतो. जागतिक बाजारात तेल भडकले की अशा साठ्यांकडे नजरा वळतात, हा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, प्रशासनात आहेत, कामगार संघटनांत व ग्रामपंचायतींत आहेत. तेल शेल असो, कोळसा असो वा दुसरी कोणतीही खाण असो, प्रकल्पाचा कागद समोर येईल तेव्हा त्यांनी चार प्रश्न विचारावेत. पाणी कोणाचे घेणार? राख कोठे टाकणार? उत्सर्जन कोणी आणि कोठवर मोजले? आणि काम बंद पडेल त्या दिवशी कामगाराच्या हाती काय असेल? जनसुनावणीच्या मंडपात हे प्रश्न उभे राहून विचारता यावेत, उत्तर लेखी मागता यावे, यासाठीच शिकायचे असते. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या मुलामुलींकडून समाजाची हीच अपेक्षा आहे.