एकाच फोल्डरची दोन नावे

संगणकशास्त्र मराठीतून शिकवू पाहणाऱ्याची पहिली अडचण परिभाषेची असणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि तीच समजूत मनाशी बाळगून मी काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी पायथॉन ही संगणकभाषा शिकवण्यास गेलो होतो. बरोबर दोन पानांचे मराठी टिपण नेले होते, आणि त्यातील प्रत्येक आज्ञा माझ्या लिनक्सच्या संगणकावर दोनदा ताडून पाहिलेली असल्यामुळे तिच्या अचूकपणाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अर्धा तास उलटला नाही तोच मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. ‘बिन’ या फोल्डरातील ‘ॲक्टिव्हेट’ ही आज्ञा चालवावी असे टिपणात लिहिले होते, आणि तिच्या विंडोजच्या पडद्यावर मात्र असा मार्गच सापडत नाही, असा निरोप पुन्हा पुन्हा उमटत होता. तिने एकेका इंग्रजी अक्षरावर बोट ठेवून, ‘बी’च्या जागी ‘डी’ तर पडला नाही ना, हे तपासले आणि शेवटी “सर, माझंच काहीतरी चुकत असेल” असे म्हणून ती खाली बसली. तिचे काहीही चुकले नव्हते. तिच्या संगणकावर त्या फोल्डरचे नाव ‘स्क्रिप्ट्स’ असे होते.

एकाच भाषेचे, एकाच आवृत्तीचे, एकाच उगमस्थानातून आलेले सामान दोन संगणकांवर दोन नावांनी का मांडले जावे, या प्रश्नाचे उत्तर भाषेच्या स्वभावात नाही. ते सामान ज्या घरात जाऊन राहते त्या घराच्या रीतीत ते उत्तर आहे. गिदो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत असताना पायथॉनची रचना आरंभिली आणि १९९१च्या फेब्रुवारीत ती जगापुढे ठेवली, तेव्हा युनिक्समध्ये फोल्डरांच्या नावांची वहिवाट कधीच पक्की झालेली होती. युनिक्समध्ये आणि पुढे लिनक्समध्ये प्रोग्रॅमांचा प्रपंच एकत्र कुटुंबासारखा चालतो : चालवायच्या आज्ञा सर्वांच्या मिळून ‘बिन’मध्ये, साहाय्यक सामान सर्वांचे मिळून ‘लिब’मध्ये. कार्याच्या घरी शेजारपाजारची भांडी एकत्र होतात म्हणून तांब्यांवर आणि परातींवर नावे कोरून घेण्याचा रिवाज आपल्याकडे जसा पडला, तसेच येथे ‘लिब’च्या पोटात ‘पायथॉन३.१२’ असे आवृत्तीचा आकडा कोरलेले फोल्डर करावे लागते, एरवी ३.११चे सामान कोणते आणि ३.१२चे कोणते, याचा निवाडा कोणालाच करता येणार नाही. विंडोजवर याच्या उलट प्रत्येक प्रोग्रॅम बहुधा आपले स्वतंत्र बिऱ्हाड थाटतो. पायथॉन २.७च्या काळी ‘सी’ ड्राइव्हवर ‘पायथॉन२७’ या नावाचे घर उभे राहत असे. आकडा दारावरच्या पाटीवरच असल्यामुळे आतील ‘लिब’वर तो पुन्हा कोरण्याचे प्रयोजन उरत नसे. दोन्ही रचना आपापल्या जागी सयुक्तिक आहेत, आणि म्हणूनच त्यांतील एक खोटी ठरवून हा तंटा मिटवता येत नाही.

नावांचा अर्थ पाहू गेल्यास मात्र दोन्ही पक्षांची बाजू लंगडी पडते. ‘बिन’ म्हणजे बायनरी, यंत्राच्या भाषेतील फाइली ठेवण्याची जागा. परंतु बाहेरचे सामान आणून बसवणारी, लिनक्सवरच्या ‘बिन’मधील ‘पिप’ ही आज्ञा उघडून पाहावी, तर ती सरळ वाचता येणारी साध्या मजकुराची फाइल निघते आणि आपल्याला कोणत्या पायथॉनने चालवावे हे तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले आढळते. विंडोजवरच्या ‘स्क्रिप्ट्स’मध्ये, जेथे नावाप्रमाणे असा मजकूर असावयास हवा तेथे, ‘पिप डॉट ईएक्सई’ ही यंत्रभाषेतील फाइल असते.

याहून मोठी अडचण ‘पायथॉन डॉट ईएक्सई’ या मुख्य फाइलीची आहे. विंडोजवर पायथॉनची नेहमीची प्रतिष्ठापना केली, तर ही फाइल घराच्या दर्शनी भागात, सर्वांत वरच्या फोल्डरात असते आणि ‘पिप’ आतल्या ‘स्क्रिप्ट्स’मध्ये, त्यामुळे कोणत्याही ठिकाणाहून दोन्ही चालाव्यात अशी इच्छा असणाऱ्यास संगणकाच्या ‘पाथ’ या यादीत दोन वेगळे पत्ते नोंदवावे लागतात, आणि शिकणाऱ्यांची निम्मी विघ्ने येथेच उभी राहतात. परंतु एखाद्या कामापुरते जे वेगळे पर्यावरण, ज्याला ‘व्हेन्व्ह’ म्हणतात, ते त्याच विंडोजवर निर्माण केले, की तीच मुख्य फाइल ‘स्क्रिप्ट्स’च्या आत जाऊन बसते. म्हणजे विसंगती केवळ दोन ऑपरेटिंग सिस्टिमांमध्ये नसून एकाच सिस्टिमच्या दोन दालनांतही आहे. मॅकवरचा अधिकृत इन्स्टॉलर ‘फ्रेमवर्क’ नावाची तिसरीच मांडणी करतो, आणि डेबियनसारखे लिनक्सचे घराणे स्वतः पुरवलेल्या पायथॉनमध्ये, बाहेरून आणलेल्या सामानाच्या फोल्डरासाठी, ‘साइट-पॅकेजेस’ऐवजी ‘डिस्ट-पॅकेजेस’ हे नाव वापरते. पण तो तपशील येथे लांबवीत नाही.

२०१२ साली, ३.३ ही आवृत्ती घडत असता, विंडोजवरील ‘स्क्रिप्ट्स’चे ‘बिन’ करावे, मुख्य फाइलही त्यातच ठेवावी आणि सर्व सिस्टिमांवर एकच मांडणी मुक्रर करावी, अशी तजवीज पुढे आली होती. आक्षेपही तितकाच वजनदार होता : इतक्या वर्षांत असंख्य लोकांनी आपापल्या साधनांत हे पत्ते अक्षरशः कोरून ठेवले होते, आणि फोल्डरचे नाव बदलताच ती साधने, त्यांच्या कर्त्यांना न कळत, एका रात्रीत निकामी झाली असती. तजवीज अमलात आली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ३.३ बाहेर पडली, तिच्याबरोबर ‘व्हेन्व्ह’ प्रथमच भाषेच्या मूळ संचात दाखल झाले, आणि या अगदी नव्या वास्तूतही विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’ हेच नाव कायम राहिले. जुन्या घराची पाटी बदलू नये, हे मला मान्य आहे. वहिवाटीला कायद्याने मान दिला जातो तो उगाच नव्हे. परंतु नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरावर, जेथे अजून कोणाचीही वहिवाट नव्हती, तेथे एकच नाव घालण्याची संधी होती, आणि ती दवडली गेली याचे मला आजही वाईट वाटते. कारण तिची किंमत जाणत्यांना नव्हे, तर इंग्रजी अक्षरे बोटाने मोजीत वाचणाऱ्या नवख्यांना द्यावी लागते.

ऐक्य नावांत साधले नाही, तरी ते चौकशीच्या रीतीत साधले आहे. २०१०च्या २.७ या आवृत्तीपासून पायथॉनमध्ये ‘सिसकॉन्फिग’ नावाचे एक दफ्तरच ठेवलेले असून त्यात प्रत्येक सिस्टिमच्या मांडणीची नोंद आहे : मूळ ग्रंथालय कोठे, बाहेरून आणलेले सामान कोठे, आज्ञा कोठे, अशा आठ प्रकारच्या जागा. आपण पत्ता पाठ म्हणावयाचा नाही. दफ्तराला विचारावयाचे, आणि ते त्या संगणकापुरते खरे उत्तर देते. ‘पिप’ थेट न चालवता पायथॉनलाच ‘एम’ या खुणेने ‘पिप’ चालवावयास सांगण्याची जी पद्धत आता जाणते लोक शिकवतात, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे : ‘पिप’ची फाइल कोणत्या फोल्डरात पडली आहे, हे माणसाने जाणण्याची गरजच उरत नाही.

त्या गावी दुसऱ्या दिवशी मी जुने टिपण बाजूस ठेवले आणि फळ्यावर फक्त दोन ओळी लिहिल्या : पहिलीत ‘सिसकॉन्फिग’ बोलावणे, दुसरीत आज्ञांच्या जागेचा पत्ता विचारणे. वीस-पंचवीस संगणकांवर त्याच दोन ओळी उमटल्या. मागच्या बाकावरील मुलीने आपल्या पडद्यावरचा पत्ता मोठ्याने वाचला. त्याचा शेवट ‘स्क्रिप्ट्स’ असा होता. तिच्या शेजारच्या मुलाने लिनक्सवर आपला वाचला, त्याचा शेवट ‘बिन’. दोघांनी एकमेकांच्या पडद्यांकडे वाकून पाहिले, आणि मग तिने वहीत दोन्ही नावे एकाखाली एक लिहून त्यांच्याभोवती एकच कंस घातला.