टाकाऊ ठरलेल्या चित्रांचे घर

वर्तमानपत्रात रोज छापून येणाऱ्या चित्रमालिकेचे मूळ चित्र छपाईनंतर जाते कोठे, हा प्रश्न वाचकाच्या मनात सहसा उद्भवत नाही. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील ज्या संस्था अशा मालिका शेकडो वृत्तपत्रांना पुरवीत असत, त्यांच्या दफ्तरातही तो फारसा कोणी विचारीत नसे. जाड, गुळगुळीत पुठ्ठ्यावर चित्रकार छापील आकाराहून बरेच मोठे चित्र शाईने काढी, त्यावरून ठसा उतरवला जाई आणि ठसा तयार झाला की त्या पुठ्ठ्याचे प्रयोजन संपे. मग तो एखाद्या चाहत्याला भेट म्हणून जाई, कपाटात कोंबला जाई किंवा रद्दीत टाकला जाई.

ही अनास्था मॉर्ट वॉकर यांच्या जिव्हारी लागली. आळशी शिपायाच्या करामती सांगणारी ‘बीटल बेली’ ही त्यांची मालिका १९५० साली सुरू झाली होती आणि ते स्वतः याच व्यवसायात नाव मिळवून होते. मराठी वाचक ज्याला वेताळ म्हणून ओळखतात त्या फँटमच्या मालिकेचे वितरण करणाऱ्या किंग फीचर्स संस्थेच्या कचेरीत एकदा त्यांना छतातून ठिबकणारे पाणी टिपण्यासाठी जमिनीवर अंथरलेले कागद दिसले, आणि ते कागद म्हणजे जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’ची मूळ चित्रे होती, असे ते सांगत. हेरिमन यांची ही मालिका सामान्य नव्हती. गिल्बर्ट सेल्डिस या समीक्षकाने १९२४ सालीच तिची गणना अमेरिकेतील श्रेष्ठ कलाकृतींत केली होती. ज्या चित्रांची थोरवी विद्वानांनी मान्य केली त्यांची ही अवस्था, तर इतरांची कथा काय असेल, याची कल्पना करता येते.

वॉकर यांनी पुढाकार घेतला आणि १९७४ साली, हर्स्ट प्रतिष्ठानच्या साहाय्याने, कनेटिकट राज्यातील ग्रिनिच येथे एका जुन्या वाड्यात व्यंगचित्रकलेचे संग्रहालय उघडले. तेथील मुक्काम मात्र अल्पकालीन ठरला. काही वर्षांतच संग्रहालय न्यूयॉर्क राज्यातील राय ब्रुक येथील वॉर्ड यांच्या गढीत हलले. १८७०च्या दशकात उभी राहिलेली ही गढी म्हणजे अमेरिकेतील प्रबलित काँक्रीटचे पहिले घर समजले जाते. म्हणजे एका उपेक्षित कलेला आश्रय मिळाला तोही वास्तुशास्त्राच्या इतिहासातील एका अपूर्व प्रयोगात! १९९२ साली तेही ठिकाण सुटले. १९९६ साली फ्लोरिडातील बोका रॅटन येथे खास बांधलेल्या विस्तीर्ण इमारतीत संग्रहालयाने नवा संसार थाटला. परंतु ज्यांच्या भरवशावर एवढा खर्च अंगावर घेतला त्या मोठ्या देणगीदार कंपन्याच अडचणीत आल्या, आणि २००१ साली मिकी माऊसच्या ‘प्लेन क्रेझी’ या १९२८ सालच्या चित्रपटाची मूळ रेखाटने, संग्रहाचे जणू रत्नच, कर्जापायी लिलावात काढण्याचा प्रसंग ओढवला. पुढच्याच वर्षी इमारतीला टाळे लागले.

वॉकर यांनी इमारती गमावल्या, पण संग्रह विखुरू दिला नाही, आणि त्यांचे खरे मोठेपण मला यातच दिसते. २००८ साली सुमारे दोन लाख कलाकृती कोलंबस येथील ओहायो राज्य विद्यापीठाच्या स्वाधीन झाल्या. त्या विद्यापीठात १९७७ साली ‘टेरी अँड द पायरेट्स’चे जनक मिल्टन कॅनिफ यांनी दिलेल्या कागदपत्रांवरून, दोन वर्गखोल्यांत, ल्यूसी शेल्टन कॅसवेल यांनी एक संग्रह उभारला होता. १९९८ साली त्यात बिल ब्लॅकबेर्ड यांनी सान फ्रान्सिस्कोत जमवलेले वृत्तपत्रांचे प्रचंड भांडार येऊन मिळाले. वृत्तपत्रांचे सूक्ष्मपट निघाले तेव्हा ग्रंथालयांनी मूळ अंक निकालात काढले. पण काळ्या-पांढऱ्या सूक्ष्मपटात रविवारच्या रंगीत पुरवण्यांचे रंग कसे उतरणार? टाकले जाणारे हे अंक ब्लॅकबेर्ड यांनी मागून घेतले, त्यासाठी संस्था नोंदवली आणि त्यांच्या गराड्यातच ते राहिले.

या तिन्ही प्रवाहांचा संगम आज व्यंगचित्रकार बिली आयर्लंड यांच्या नावाच्या ग्रंथालय-संग्रहालयात झाला असून, २०१३ पासून ते विद्यापीठाच्या सलिव्हँट हॉलमध्ये नांदत आहे. मूळ चित्राजवळ उभे राहिले की छपाईने झाकलेले कितीतरी उलगडते. निळसर पेन्सिलीने आधी आखलेली रेघ शाईखाली अजून पुसट दिसते, चुकलेल्या हाताची जागा पांढऱ्या रंगाने बुजवलेली असते, संवादाची एखादी ओळ दुसऱ्या कागदावर लिहून वर डकवलेली असते, आणि काठावर छापखान्यासाठी लिहिलेल्या सूचना असतात. चित्रकाराने कोठे थांबून विचार केला आणि कोठे निःशंकपणे कुंचला ओढला, हे छापील पानावरून कधीच कळले नसते. वॉकर यांचे २०१८ साली निधन झाले, तोवर त्यांचा संग्रह या वास्तूत स्थिरावला होता. आणि तेथील वाचनकक्षात कोणताही नागरिक आगाऊ मागणी करून ही मूळ पाने समोर मागवू शकतो.