शंकरपाळा नको, चौकोन हवा

मालवणच्या समुद्राला 1987 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. धंदा जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती.

गेल्या दशकात केंद्र सरकार, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम (यूएनडीपी) आणि जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) यांच्या सिंधुदुर्ग प्रकल्पाने धंदा राखून समुद्र जपण्याची वेगळी वाट धरली. राज्यात 2012 मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष त्यात पुढे होता. सर्वांत मोलाचं काम झालं ते जाळ्यात. होडीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत मासळी साठते. तिथले शंकरपाळ्याच्या आकाराचे आस, म्हणजे जाळ्याची छिद्रं, ओढ बसली की मिटतात, आणि बोटभर लांबीची पिल्लंही आतच अडकतात. बाजारात त्यांना भाव नसतो. 40 मिलिमीटरचे चौकोनी आस मात्र ताण पडला तरी उघडे राहतात, त्यातून पिल्लं निसटतात. इंजिन तेच, होडी तीच. बदलते फक्त पिशवी.

याच प्रकल्पातून वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या.

प्रकल्पाची मुदत संपली, ट्रॉलर चालूच आहेत. नवं जाळं घेणाऱ्या प्रत्येक मालकाला चौकोनी आसासाठी सरकारने मदत द्यायला हवी.