बाप्याची गोधडी : टाका आणि दोरा

सालेकसा हे गोंदिया जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. मुंबई–हावडा लोहमार्गावर दरेकसा मागे पडलं की छत्तीसगड लागतं. धानाचा मुलूख, भोवती जंगल, आणि थंडी अशी की विदर्भातलं सर्वांत कमी तापमान हिवाळ्यात अनेकदा गोंदियाचंच असतं. धान खळ्यावर आलं की घरातला बाप्या रात्री जागलीला जातो. खाली तणस, अंगावर गोधडी. पुरुषाच्या गोधडीचा विचार इथून सुरू करावा. ती दवात भिजते, मातीत लोळते आणि दगडावर आपटून धुतली जाते.

म्हणून नक्षी ठरवताना आधी दोन ओळींमधलं अंतर ठरवावं. आपली जुनी रीत म्हणजे काठापासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जाणं. थर आधी कच्च्या टाक्यांनी धरून घेतले नाहीत तर मधोमध हमखास फुगा येतो. बोटभर अंतराच्या ओळी गोधडीला टिकाऊ करतात, पण ताठही करतात. घरात पांघरायची असेल तर दोन-तीन बोटं सोडलेली बरी. शंकरपाळी दिसते छान. मात्र तिच्या ओळी कापडाच्या तिरक्या अंगाने जातात आणि त्या अंगाने विरलेलं धोतर ताणलं जातं. जुन्या कापडावर सरळ ओळच घालावी.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका आपली गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच काठाकडून आत शिवत नेतात. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. पुरुषाची गोधडी म्हणून फूल गाळायचं, रंग मळखाऊच घ्यायचा, हे मला मुळीच पटत नाही. साधेपणाच्या नावाखाली ती हयगयच होते.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरं, पण ओढ बसली की तो झिजलेलं कापड कापतो. दोरा तुटला तर पुन्हा भरता येतो, कापड फाटलं तर ठिगळच लावावं लागतं. रिळावरचा आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो. टाका उठून दिसावा असं वाटत असेल तर भरतकामाचा 8 नंबरचा पर्ल कॉटन घ्यावा, मेणावरून ओढावा आणि एका वेळी हातभरच ओवावा. लांब ओवला की गुंता होतो. गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी. करड्या सदऱ्यांवर लाल किंवा पिवळा दोरा घालून बघा, नक्षी वेगळी काढावी लागत नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या मिसुरी पेटवे यांनी 1942 साली आपल्या दिवंगत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ती पुढे संग्रहालयांतून मांडली गेली आणि शिवणारीच्या नावानिशी ओळखली गेली. आपल्याकडे घरोघरी असं काम झालं, पण जुनी गोधडी कुणाच्या हातची हे क्वचितच सांगता येतं.

यंदा घरातल्या पुरुषाचे जुने सदरे, लुंग्या भांडेवालीला देण्याआधी त्यातले सुती तेवढे बाजूला काढा. गोधडी शिवून झाली की एका कोपऱ्यात त्याच दोऱ्याने शिवणाऱ्याचं नाव आणि साल घाला.