फुटांना साडेसातने गुणा

नव्या टीव्हीच्या खोक्यावर जेवढे आकडे छापलेले असतात तेवढे हल्ली सातबाऱ्यावरही सापडत नाहीत. ४के, एचडीआर, १२० हर्ट्झ, २० वॉट, दहा लाखास एक कॉन्ट्रास्ट. हडपसरच्या झगमगीत दालनात हे सगळं ऐकून माणूस भारावतो, पंचावन्न इंची टीव्ही टेम्पोत घालून लोणी काळभोरला आणतो आणि आठवड्याभरात कुरकुर सुरू होते. मालिका फिकट दिसतात, जुन्या सिनेमातली माणसं जाडी दिसतात, संवाद कळत नाहीत. टीव्हीत बहुतेक वेळा काही खोट नसते. खोक्यावरचे आकडे वाचले, घरातले मोजायचे राहिले, एवढंच झालेलं असतं. गावठाणातल्या वाड्याची ओसरी, कदमवाकवस्तीतल्या फ्लॅटचा दहा बाय बाराचा हॉल आणि थेऊर रस्त्याकडचं मळ्यातलं घर, या तिन्ही ठिकाणी एकच टीव्ही तीन तऱ्हांनी वागतो. दुकानात जाण्याआधी टेप काढा आणि बसायच्या जागेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजून घ्या.

टेप काढली की घरातलं कोणीतरी म्हणणारच, "एवढा मोठा टीव्ही एवढ्या जवळून? डोळे जातील." सगळ्यांत चिवट गैरसमज हाच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि सिंहगडावरून त्याचं प्रक्षेपण १९७३ साली पुणे परिसरात पोचलं. तेव्हाच्या घरांत हा सल्ला पक्का रुजला आणि त्या काळापुरता तो शहाणपणाचाही होता. काचेच्या नळीच्या त्या टीव्हीत चित्र ६२५ आडव्या रेषांचं असायचं, त्यातल्या ५७६ रेषा चित्रासाठी. जवळ गेलं की रेषाच दिसायच्या. शिवाय अमेरिकेत १९६७ मध्ये एका नामांकित कंपनीच्या काही रंगीत टीव्हींतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं होतं आणि त्यानंतर तिथे कडक कायदा आला. ती भीती जगभर पसरली. आजच्या चपट्या टीव्हीत ती नळीही नाही आणि ते किरणही नाहीत. जवळून बघितल्याने डोळ्यांना कायमची इजा होत नाही. डोळे शिणतात, चुरचुरतात, कारण पडद्याकडे टक लावून बसलं की पापण्या कमी लवतात आणि आपण अंधार करून बसलेलो असतो. टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा लावला की बराच फरक पडतो. एक मात्र लक्षात ठेवा: लहान मूल सारखं पडद्याला नाक लावून बसत असेल तर टीव्हीला दोष देण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. जवळ बसल्यामुळे चष्मा लागतो असं आपण समजतो. पुष्कळदा नंबर आधीच असतो म्हणून मूल जवळ बसतं.

आता अंतराचं गणित. चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांनी ठरवलेल्या मापानुसार पडदा आपल्या नजरेचा साधारण तीस अंशांचा कोन व्यापतो तेव्हा बघणं सुखाचं होतं. त्यावरून निघणारा हिशेब अगदी तोंडी करता येतो. अंतर फुटांत घ्या आणि साडेसातने गुणा, की टीव्ही किती इंची हवा ते कळतं. सहा फुटांना पंचेचाळीस, म्हणजे बाजारातला त्रेचाळीस इंची. साडेसात फुटांना पंचावन्न, दहा फुटांना पंचाहत्तर. ज्यांना थिएटरसारखं चित्रात बुडून जायचं आहे त्यांनी चाळीस अंशांचा कोन धरावा. मग साडेसातऐवजी थेट दहाने गुणायचं. आता गंमत बघा. हॉल दहा बाय बाराचा असला तरी सोफ्याची खोली आणि टीव्हीचं कपाट वजा जाता डोळा ते पडदा अंतर सात-आठ फूटच उरतं. म्हणजे "आमच्या छोट्या हॉलला बत्तीस इंचीच बरा" हाही गैरसमज आणि "मोठा तो चांगला" म्हणत, थिएटरची हौस नसताना, पंचाहत्तर इंची उचलणं हाही दुसऱ्या टोकाचा उत्साह. पंचावन्न इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर आणि उंची ६९ सेंटीमीटर असते. तेवढा जुना पेपर कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. हप्ते भरण्याआधी घरातल्यांचं एकमत होऊन जाईल.

उंचीच्या बाबतीत तर आपण देवघरालाही मागे टाकतो. दुकानात टीव्ही उंच लावलेले असतात, कारण तिथे गिऱ्हाईक उभं असतं. घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर असतात, बैठक घालून बसलं तर त्याहूनही खाली. नजर समोर ठेवली की पडद्याच्या खालच्या एक तृतीयांशाच्या आसपास पडली पाहिजे. दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर टीव्ही ठोकून मग मानदुखीसाठी बाम लावणारी घरं प्रत्येक गल्लीत आहेत.

"४के घेतला म्हणजे सगळं ४के दिसतं" ही समजूत सर्वांत महागात पडते. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४ लाख १५ हजारांच्या आत. भागाकार करा: खऱ्या एका ठिपक्यावरून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात. उरलेले एकोणीस तो अंदाजाने रंगवतो. जुन्या एकवीस इंची डब्यावर हीच वाहिनी खणखणीत दिसायची आणि आता धुरकट दिसते, त्याचं कारण हे. एचडी वाहिनीत हे प्रमाण एकास चार इतकं खाली येतं, म्हणून तिथे चित्र सुसह्य असतं. पुष्कळ घरांत सेट-टॉप बॉक्स एचडीचा असतो आणि पॅक मात्र साध्या वाहिन्यांचा. काही घरांत तर बॉक्स नि टीव्ही अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी जोडलेले असतात. ही वायर एचडी चित्र वाहूच शकत नाही. एचडीएमआयची दोन-तीनशे रुपयांची केबल घातली की टीव्ही "नवा" होतो. खरं ४के चित्र हवं असेल तर ते आज मुख्यतः इंटरनेटवरून येतं. त्याला सलग १५ एमबीपीएसच्या आसपास वेग लागतो आणि काही ओटीटींवर त्यासाठी वरच्या दराचं सदस्यत्व घ्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. निरोगी डोळ्याची बारकावे टिपण्याची एक मर्यादा असते. ती धरून हिशेब केला तर पंचावन्न इंची पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतला फरक सव्वासात फुटांपलीकडून जवळजवळ कळत नाही. याचा अर्थ ४के घेऊ नका असा नाही. त्या आकारात आता दुसरं फारसं मिळतही नाही. पण पैसे कमी पडत असतील तर ८केच्या नादाला न लागता ते चांगल्या पॅनेलवर आणि आवाजावर खर्च करावेत.

पॅनेलच्या नावांत भरपूर धुरळा आहे. एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच. मागून उजेड देणारे दिवे तेवढे एलईडीचे. क्यूएलईडी हाही एलसीडीच, त्यात रंग खुलवणारा आणखी एक थर. ओएलईडीमध्ये मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. अंधारात सिनेमे बघणाऱ्याने तो जरूर घ्यावा. पण ज्या घरात सकाळी सहापासून बातम्यांची वाहिनी चालू असते तिथे सावध राहा. वाहिनीच्या बोधचिन्हाचा चौकोन आणि खालची लाल-पिवळी पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर ओएलईडीवर कालांतराने तिचा डाग उमटू शकतो. आपल्या बातम्यांच्या वाहिन्यांवर पट्ट्या जास्त आणि बातमीदार कमी दिसतो, हे वेगळं सांगायला नको. शिवाय दिवसभर दार उघडं असलेल्या उजेडी हॉलमध्ये ओएलईडीच्या काळ्याचं कौतुक फारसं उरत नाही. तिथे जास्त प्रखर एलसीडी बरा.

एचडीआरचंही, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राचंही, तसंच. "एचडीआर आहे" याचा अर्थ एवढाच, की तो संकेत टीव्हीला वाचता येतो. तो दाखवण्याइतका झगझगीत उजेड त्यात आहे का, हा वेगळा प्रश्न. एचडीआर चित्रं बहुधा एक हजार निट्स किंवा त्याहून जास्त प्रखरता धरून तयार केली जातात आणि स्वस्त टीव्ही तीनशेच्या आसपास दमतात. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्याचा, उपयोग गेम खेळणाऱ्या पोराला होतो; क्रिकेटच्या प्रक्षेपणाला तेवढ्याची गरज नसते.

दुकानात रसरशीत दिसलेलं चित्र घरी निस्तेज वाटतं, तेव्हा "डेमो पीस वेगळा आणि दिला वेगळा" असा संशय घेतला जातो. टीव्ही तोच असतो. दालनातल्या प्रखर दिव्यांत उठून दिसावा म्हणून तो "व्हिव्हिड" किंवा दुकानाच्या खास मोडवर ठेवलेला असतो, आणि त्यावर चालणारी फुलं, पक्षी, धबधबे त्यासाठीच चित्रित केलेले असतात. घरी पहिल्यांदा सुरू करताना टीव्ही "होम की स्टोअर" असं विचारतो, तेव्हा होम निवडा. मग सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. तिसऱ्या दिवशी परत व्हिव्हिड लावून बघा, चेहरे निळसर, आजारी वाटतील. सिनेमा मोडला वीजही कमी लागते.

याच मेनूत चित्राची हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय लपलेली असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. सिनेमा सेकंदाला चोवीस चौकटींत चित्रित होतो. ही सोय मधल्या नसलेल्या चौकटी स्वतः तयार करून घुसवते आणि सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. लोणीच्या माणसाने तरी हे सहन करू नये. राज कपूर यांची राजबाग इथलीच, १९७८ सालच्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं चित्रीकरण तिथे झालं. आज त्या जागेत एमआयटीचं विद्यापीठ उभं आहे. आपल्या गावच्या नदीकाठी टिपलेलं दृश्य निदान दिग्दर्शकाने दाखवलं तसं तरी बघावं. ती सोय बंद करा.

जुन्या सिनेमांवरून घरोघर आणखी एक भांडण होतं: पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या का? पूर्ण पडद्याचे पैसे दिलेत ना! तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की पुढचा मुक्काम लोणी काळभोरला असतो, तेव्हा उदाहरण प्रभातच्या 'संत तुकाराम'चं घेऊ. हा १९३६ सालचा पुण्यात बनलेला चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत, चारास तीन या मापाच्या आसपास आहे. आपला टीव्ही सोळास नऊ. झूम करून पट्ट्या घालवल्या तर वरखालचं मिळून पाव चित्र कापलं जातं. तुकोबांच्या भूमिकेतल्या विष्णुपंत पागनीसांच्या पगडीवर किंवा टाळांवर, कशावर तरी कात्री चालणारच. चित्र ताणलं तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. उलट सिनेमास्कोप चित्रपटांत पट्ट्या वर आणि खाली येतात. दोन्ही वेळा टीव्ही बरोबरच वागत असतो.

आवाजाचं दुखणं थोडक्यात असं: पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते आणि बहुतेकदा त्यांची तोंडं जमिनीकडे किंवा मागे असतात. वॉट वाढवून शब्द स्पष्ट होत नाहीत, गोंगाट वाढतो. मेनूत संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर तो आधी लावून बघा. नाहीतर साधा साउंडबार घ्या आणि टीव्हीवर "एआरसी" असं लिहिलेल्या एचडीएमआयच्या तोंडालाच तो जोडा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींचा हॉल घुमतो. एक जाजम आणि जाडसर पडदा यांनीही काम बऱ्यापैकी होतं.

"मोठा टीव्ही म्हणजे स्टॅबिलायझर हवाच" असं सांगून बिल फुगवलं जातं. टीव्हीच्या मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर दाब खालीवर झालेला तो आतल्या आत सांभाळून घेतो. लोणीत खरी भीती दोन गोष्टींची. एक, न्यूट्रल तुटला तर घरात चारशे व्होल्टच्या आसपास दाब शिरू शकतो. त्यासाठी जास्त दाबाला वीज तोडणारं उपकरण आणि नीट केलेलं अर्थिंग हवं. दुसरी, एप्रिल-मेमधल्या वळवाची वीज. ती डिशच्या वायरीतून आणि इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतूनही येते आणि नेमकं एचडीएमआयचं तोंड जाळून जाते. तिच्यापुढे स्टॅबिलायझर काही कामाचा नाही. ढग गडगडू लागले की प्लगबरोबर डिशची वायरही काढायची.

किमतीबद्दल एक. बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणून दहा टक्के स्वस्ताई अपेक्षित धरून गिऱ्हाईक घासाघीस करतात. कर मूळ किमतीवर असतो. चाळीस हजारांचा टीव्ही आधी ५१,२०० ला पडायचा, आता ४७,२०० ला. म्हणजे छापील किमतीत घट पावणेआठ-आठ टक्क्यांची. बत्तीस इंची आणि त्याखालचे टीव्ही आधीपासूनच अठरा टक्क्यांत होते, त्यांवर "जीएसटी उत्सवाची सूट" अशी पाटी दिसली तर कोणती सूट ते विचारा.

घरी आणताना खोका उभाच ठेवायचा. टेम्पोत आडवा टाकून वर गादी किंवा सायकल ठेवली की खड्ड्याखड्ड्याला पॅनेलवर दाब येतो, आणि फुटलेलं पॅनेल वॉरंटीत धरत नाहीत. खोका कंपनीच्या माणसासमोरच उघडा, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून कोपरे तपासा, आणि त्याने भिंतीला भोक पाडण्याआधी सोफ्यावर बसून उंची स्वतः दाखवा.